टाळ्या तुमच्या, गोळ्या त्याच्या

कळंबोलीत 'मनःशक्ती व एकाग्रता' शिबिर घेणारे सन्माननीय मार्गदर्शक यांस,



तुमचा आवाज खणखणीत आहे. माइक बंद पडला तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि जे कधी शिकलाच नाहीत त्यावर बोलतानाही तो जराही अडखळत नाही. त्याच आवाजात तुम्ही माझ्या धाकट्या भावाला भर सभेत उभं केलंत आणि विचारलंत, "कसल्या गोळ्या घेतोस?" त्याने खरं ते सांगितलं. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकत नाही त्या विकाराच्या. "वडील काय करायचे?" तेही सांगितलं. मग तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून लोकांना विचारलंत, "ह्याच्या बापाने स्टील मार्केटमध्ये जन्मभर लोखंड वाहिलं. त्याला लागली का कधी असली गोळी?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा भाऊ खाली बसला. त्या रात्री त्याने गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुढच्या आठवड्यातली समुपदेशनाची वेळही रद्द केली.

तो सज्ञान आहे. गोळी घ्यायची की नाही, हा त्याचा हक्क आहे आणि त्याच्या वतीने मी तो वापरणार नाही. पण निर्णय घ्यायला माणसाला माहिती लागते. तुम्ही त्याला माहिती दिली नाहीत, लाज दिलीत. ती देण्यासाठी त्याच्याकडून शुल्कही घेतलंत.

तुम्ही बापाचं नाव काढलंत, म्हणून आधी बापाबद्दल सांगते. आमचे बाबा माथाडी कामगार. साताऱ्याकडचं गाव सोडून मुंबईत आले, आणि लोखंडाचा बाजार कळंबोलीत आला तसे त्याच्यामागे इकडे आले. पत्र्याची कॉइल, अँगल, चॅनेल, सळ्यांचे भारे हे सगळं त्यांच्या खांद्याने ओळखलेलं आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना हजेरी, भविष्यनिर्वाह निधी आणि माणूस म्हणून किंमत मिळाली. अण्णासाहेब पाटलांचा फोटो आमच्या घरात देवांच्या शेजारी आहे. अंगमेहनत करणाऱ्या माणसालाही संरक्षण लागतं, नुसत्या हिमतीवर भागत नाही, हे शिकलेल्या घरात तुम्ही त्याच बापाचा दाखला देऊन मुलाला हिणवलंत. आणि बाबा गोळी घेतात. रोज सकाळी चहाआधी, रक्तदाबाची. तुम्ही त्यांना कधी कमकुवत म्हणाला नाहीत. 'इच्छाशक्तीने नस सैल करा' असंही सांगितलं नाहीत.

आता माझ्या भावाबद्दल, कारण तुम्ही त्याला जाणून न घेताच त्याच्यावर निकाल दिलात.

तो स्टील मार्केटमधल्या एका वाहतूक कार्यालयात काम करतो. माल कोणाचा, गाडी कोणती, वजनकाट्याची पावती कुठली, ई-वे बिलात गाडीचा नंबर बरोबर पडला का, ड्रायव्हरला आगाऊ किती दिले, हे सगळं त्याने एकाच वेळी डोक्यात ठेवायचं असतं. दोन फोन वाजत असतात, दारात ट्रेलरवाला घाई करत असतो. ते काम त्याला आवडतं. अडचणीत सापडलेल्या ड्रायव्हरला तो रात्री अकरा वाजता वाट काढून देतो. तोच माणूस बिलावरचे दोन आकडे उलटे टाकतो, पावती खिशात विसरतो, वीजबिल हातात असून भरत नाही, आणि बायकोने सांगितलेलं दूध आणायला गेला की दुसरंच काही घेऊन परत येतो. लहानपणापासून तो असाच आहे. आईने त्याची जुनी प्रगतिपुस्तकं जपून ठेवली होती. दरवर्षी वर्गशिक्षक बदलले, शेरा तोच राहिला: हुशार आहे, लक्ष देत नाही.

ती प्रगतिपुस्तकं डॉक्टरांनी मागून घेतली. तुम्ही मंचावरून ज्या निदानाला 'दोन प्रश्न विचारून चिकटवलेलं लेबल' म्हणालात, ते कसं होतं हे तुम्हाला ठाऊक असणं बरं. मोठ्या माणसात एडीएचडी ठरवताना लक्षणं आज आहेत एवढ्याने भागत नाही. ती बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे पाहावं लागतं. घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी ती आयुष्य अडवतात का, हे पाहावं लागतं. २०१३ साली आलेल्या अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी दुर्लक्षाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा अस्वस्थता-उतावीळपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावीत, असं म्हटलं आहे. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चिंता, दारू यांतूनही असाच गोंधळ उडतो, म्हणून तेही तपासतात. डॉक्टर माझ्या आईशी बोलले, त्याच्या बायकोशी बोलले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. रील पाहून 'मलाही आहे' म्हणणारे आहेत, आणि त्यांना तपासणीशिवाय गोळी मिळू नये हे मलाही मान्य आहे. त्यांच्यासाठी तर तुमच्याहून कडक तपासणारी माणसं हवीत. तुम्ही तर कोणालाच तपासत नाही. बरं झाल्याचं मात्र सगळ्यांना सांगता.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे हा आजार औषध कंपन्यांनी काल शोधला. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टराने लक्ष टिकत नसलेल्या माणसांचं वर्णन १७९८ साली लिहून ठेवलं. तेव्हा पुण्यात पेशवाई होती. जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या वैद्यांसमोर अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ मध्ये. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातल्या मुलांना डोकेदुखीसाठी एक उत्तेजक औषध देऊन पाहिलं, आणि डोकेदुखीऐवजी त्यांचा अभ्यासच सुधारल्याचं त्यांच्या लक्षात आलं. माझा भाऊ जी गोळी घेतो त्यातलं मिथाइलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तयार झालं. म्हणजे ते आमच्या बाबांहून जुनं आहे. इतकी वर्षं एखादं औषध वापरात राहिलं की त्याचे गुण जसे कळतात तसे दोषही कळतात, आणि दोन्ही लिहून ठेवलेले असतात.

दोष मी लपवत नाही. या गोळीने भूक कमी होते. उशिरा घेतली तर झोप येत नाही. नाडी आणि रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून आधी हृदयाचा इतिहास विचारतात आणि नंतर रक्तदाब आणि वजन बघत राहतात. काहींना ती मानवत नाही. काहींची चिडचिड वाढते. त्यांच्यासाठी ॲटोमोक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधं आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि त्यांचेही स्वतःचे दुष्परिणाम आहेत. हे सगळं डॉक्टरांनी भावाला सांगितलं, कागदावर लिहून दिलं. तुमच्या हॉलच्या मागच्या टेबलावर जे चूर्ण विकायला ठेवलं होतं, त्याच्या डबीवर दुष्परिणामांबद्दल एक ओळ नाही. ज्याचा कुठलाच परिणाम कोणी मोजलेला नाही, त्याचे दुष्परिणाम तरी कोण मोजणार?

"ही गोळी म्हणजे अफूचीच बहीण, सरकारनेच तिला कुलपात ठेवलीय," असं तुम्ही म्हणालात. कुलपातली गोष्ट खरी आहे. मिथाइलफेनिडेट आपल्या देशात औषध नियमांच्या 'एक्स' परिशिष्टात आहे. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. हा बंदोबस्त आहे तो गैरवापर होऊ शकतो म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला कोणी ती चोरून घेतली तर ते वाईटच. पण गैरवापर रोखण्यासाठी ठेवलेला हा बंदोबस्त तुम्ही रुग्णाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरलात. या नियमाचा त्रास आम्हाला होतो. जवळच्या औषधाच्या दुकानात ती मिळत नाही. भाऊ सुट्टीच्या दिवशी कधी पनवेल, कधी वाशी गाठतो, आणि तिथे दुकानदार त्याच्याकडे संशयाने बघतो. त्या नजरेतून तो कसाबसा सावरत होता. तुम्ही तीच नजर शंभर जणांकडून एकदम आणवलीत.

ती नजर झेलणारा माझा भाऊ एकटा नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेल्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचे वैद्यकीय कागद त्याच वर्षी हॅकरांनी चोरून जगापुढे टाकले. त्यात हेच औषध निघालं. तिने ते नियमाप्रमाणे परवानगी घेऊन घेतलं होतं. मला एडीएचडी आहे, मी लहानपणापासून औषध घेते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं तिने उघडपणे सांगितलं. आपल्याकडे अभिनेते फहाद फाझिल यांनी २०२४ मध्ये सांगितलं की त्यांचं निदान वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी झालं. हे दाखले मी मोठी नावं म्हणून देत नाही. भावाचं निदान झालं तेव्हा मी त्याला ते सांगितले होते, आणि आपण एकटे नाही एवढा धीर त्याला त्यातून आला होता. तुमच्या हॉलमध्ये त्याला पुन्हा एकटं केलं गेलं.

आता तुमच्या ध्यानाबद्दल. माझं ध्यानाशी भांडण नाही. मी स्वतः सकाळी प्राणायाम करते आणि तो करणाऱ्याला कोणी हसलं तर मला राग येतो. भांडण आहे ते 'याच्याऐवजी ते' या तुमच्या सौद्याशी. २०१० साली अमेरिकेत स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८६ प्रौढ रुग्ण होते. सगळे औषध घेत होते, तरी लक्षणं शिल्लक होती. अर्ध्यांना वर्तन आणि विचार यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत दिली. उरलेल्यांना अंग सैल सोडण्याचं, शांत होण्याचं शिक्षण आणि आजाराची माहिती दिली. लक्षणं मोजल्यावर पहिल्या गटातल्या ६७ टक्के लोकांना लक्षणीय फरक पडलेला दिसला, दुसऱ्या गटात ३३ टक्क्यांना. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, शरीर सैल सोडा, हा तुमच्या शिबिराचा सगळा ऐवज त्या अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या उपायासारखाच आहे. त्याने काहीच होत नाही असं कोणी म्हणत नाही. तिथे मात्र तो उपाय मागे पडला. आणि तिथल्या कोणी रुग्णांना गोळ्या फेकायला सांगितलं नव्हतं.

त्या मानसोपचारात असतं काय, हे सांगते, कारण तुम्ही त्याला 'तासाला हजार रुपये देऊन गप्पा' म्हणालात. भावाच्या पहिल्या काही भेटी एका वहीवर गेल्या. एकच वही, एकच कॅलेंडर. फोनमधल्या निरनिराळ्या ॲपमध्ये, हाताच्या तळव्यावर, बिलाच्या पाठीमागे लिहिणं बंद. कामं सुटी करून लिहायची. 'जीएसटीचं काम' असं लिहिलं की तो ते टाळायचा. 'मेहताशेठच्या जूनच्या पावत्या फाइलमधून काढणे' असं लिहिलं की करायचा. काम करताना मनात दुसरं काही आलं तर उठायचं नाही, कागदावर टिपून ठेवायचं आणि घड्याळ वाजलं की मगच बघायचं. स्वतःला किती वेळ एका जागी बसता येतं हे मोजून त्या मापाचे कामाचे तुकडे पाडायचे. दिसायला क्षुल्लक वाटतं. ज्याला ते जन्मतः येतं त्याला ते शिकवण्यासारखं वाटतच नाही, म्हणून माझ्या भावाला आजवर कोणी शिकवलंही नव्हतं.

मग कठीण भाग आला. तीस वर्षं 'आळशी', 'बेफिकीर', 'बापाचं नाव घालवणारा' ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात एक आवाज तयार होतो. काम समोर आलं की तो म्हणतो, तुझ्याकडून होणार नाही, तू घाण करशील. म्हणून माणूस काम टाळतो. टाळलं की खरंच घाण होते. आवाज म्हणतो, बघ, सांगितलं होतं. ही गाठ सोडवायला प्रशिक्षित माणूस लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आपल्या देशात भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. भाऊ ज्यांच्याकडे जात होता त्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे. तुमच्या मागे भिंतीवर तुमचाच फोटो होता.

भावाला मी एकदा विचारलं होतं, गोळीचं काम काय आणि या भेटींचं काम काय? तो म्हणाला, "ताई, गोळीने ऑफिसातला कल्ला कमी होतो. पण कल्ला कमी झाल्यावर करायचं काय, ते तिथे शिकतोय." हे वाक्य त्याने कुठे वाचलेलं नव्हतं. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं पुरेशी टिकत नाहीत आणि औषध ती तिथे थोडी अधिक वेळ टिकवतं, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पण सवय लावणं रसायनाला जमत नाही. आणि सवय लावायला बसण्याइतकी स्वस्थता अनेकांना औषधाशिवाय येत नाही. काहींचं नुसत्या मानसोपचाराने भागतं, काहींना नुसती गोळी पुरते, काहींना दोन्ही लागतात. कोणाला काय लागेल हे त्या माणसासमोर बसून ठरवायचं असतं. हॉलमध्ये हात वर करायला लावून ते ठरत नाही.

शिबिरानंतर काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'परिवर्तन झालेले साधक' म्हणून त्याचा फोटो मात्र फिरत राहिला. सुरुवातीचे काही दिवस तो खुशीत होता. घरात सगळ्यांना सांगत होता, बघा, गोळीशिवाय जमतंय. मग वही घरी राहू लागली. मग एका ट्रेलरच्या ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकला, गाडी वाटेत अडवली, माल अडकला, आणि शेठचा आवाज पूर्ण ऑफिसने ऐकला. घरी येऊन तो बायकोशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी कळंबोली सर्कलला, पुलाखालच्या वळणावर, डोक्यात भलताच विषय असताना त्याची स्कूटर एका ट्रेलरच्या मागच्या चाकाशी गेली. खांद्याजवळचं कॉलरबोनचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून इतक्यावर निभावलं.

अपघात तुमच्यामुळे झाला असं मी म्हणत नाही. त्या सर्कलला शहाण्यासुरत्या माणसाचाही जीव मुठीत असतो. सायन-पनवेल महामार्ग, पुण्याला जाणारा द्रुतगती मार्ग, जवाहरलाल नेहरू बंदराकडे वळणारे कंटेनर, तळोज्याकडे जाणारे टँकर हे सगळं आमच्या दारात एकत्र येतं. पण याच जागी राहून, याच लोकांना उद्देशून बोलताना तुम्हाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी होती. अमेरिकेतल्या तेवीस लाखांहून अधिक एडीएचडी रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच माणसाचे औषध घेतलेले महिने आणि न घेतलेले महिने यांची तुलना केली होती. औषध सुरू असलेल्या महिन्यांत वाहन अपघातांचा धोका पुरुषांत ३८ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी दिसला. असा अभ्यास कार्यकारणभाव छातीठोक सिद्ध करत नाही, हे तो करणारेही सांगतात. पण ट्रक, ट्रेलर आणि स्कूटर यांवर पोट असलेल्या गावात, तुमच्यासमोर बसलेल्यांत किती ड्रायव्हर होते, क्लीनर होते, रात्रपाळी करून घरी जाणारे होते, हे मंचावरून दिसत नव्हतं का? त्यांच्यातल्या एखाद्याला हाच आजार असेल आणि त्याने अजून कोणालाच सांगितलं नसेल. तुमचं ऐकून तो आता कधीच सांगणार नाही.

माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. भाऊ तरी उपचारापर्यंत पोचला होता. मागच्या रांगेत एक बाई होती, पदराने तोंड झाकून ऐकत होती. स्त्रियांत हा आजार बहुधा धावपळ न करता, आतल्या आत दिसतो. विसरभोळेपणा, अर्धवट पडलेली कामं, सतत उशीर, त्याची लाज. 'घर सांभाळता येत नाही' असं म्हणून तो झाकला जातो, किंवा नुसती चिंता आणि नैराश्य म्हणून वर्षानुवर्षं त्यावर उपचार होत राहतात. तुम्ही 'गोळी म्हणजे कमकुवतपणा' म्हणालात तेव्हा तिने मान डोलवली. ती कोण, मला माहीत नाही. तिच्यासाठी हे पत्र खुलं लिहिलं आहे. नाहीतर तुमच्या घरी आणून दिलं असतं.

मदत इथून लांब नाही. कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था ठाण्यात आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे आणि मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायचं बंधन घातलं आहे. हक्क कागदावर आहे, मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत, फी परवडत नाही, औषध दुकानात नाही, हे सगळं मी भोगून सांगते आहे. यावर मंचावरून बोललात तर मी पहिल्या रांगेत बसेन. एवढे अडथळे ओलांडून गेलेल्या माणसाला तुम्ही शेवटच्या पायरीवरून मागे ओढलंत.

तुमचं पत्रक माझ्याकडे आहे. गुळगुळीत कागदाचं, चार रंगांत छापलेलं. त्यावर एडीएचडीला तुम्ही स्वतःच 'मेंदूचा विकार' म्हटलं आहे आणि खाली, चूर्णाच्या डबीच्या चित्राशेजारी, तो 'एकवीस दिवसांत मुळापासून' घालवायची हमी दिली आहे. आपल्या देशात १९५४ सालचा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या आजारांवर औषधाने बरं करण्याची जाहिरात करता येत नाही, त्यांची यादी त्या कायद्याला जोडलेली आहे, आणि मेंदूचे रोग व विकार त्या यादीत आहेत. मी वकील नाही. यादी वाचता येते.

भावाने परत डॉक्टरांची वेळ घेतली आहे. हात गळ्यात असतानाच घेतली, आणि ती कोणी घ्यायला लावली नाही. तिथे त्याला कोणी रागावलं नाही, हे त्याला फार वेगळं वाटलं. गोळी पुन्हा सुरू करायची का, तीच की दुसरी, हे ते दोघं ठरवतील. त्याबद्दल तुम्हाला कळवायची मला गरज वाटत नाही.

तुमच्याकडून मला क्षमापत्र नको आणि शुल्कही परत नको. पुढचं शिबिर पुढच्या महिन्यात आहे, फलक लागले आहेत. त्या दिवशी सुरुवातीलाच, त्याच खणखणीत आवाजात सांगा, की कोणाचंही चालू औषध थांबवण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि तुमच्याकडे त्याचं शिक्षणही नाही. कोणी म्हणालं मी गोळ्या घेतो, तर त्याला उभं करू नका. टेलिमानसचा नंबर दाराशी लावा. माझ्या भावाचा फोटो ग्रुपवरून काढा. आणि ते चूर्ण आणि 'मुळापासून'वालं पत्रक टेबलावरून उचला. फलक लागले तेव्हाच मी अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा लिहून ठेवला आहे, पत्रकाची प्रत त्याला जोडली आहे. शिबिराच्या दिवशी मी हॉलमध्ये असेन. टेबलावर ते पत्रक दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार जमा होईल.

कळावे,

एक बहीण,
कळंबोली